मधला वेळ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळातल्या मैत्रिणीचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणींवर निदान बारा लेख येणार हे मला दिसतच होतं. मी म्हटलं, मी आपला माझ्या आवडीचा इतिहास लिहितो. ती म्हणाली, "तुझ्या आवडीचा म्हणजे टीव्हीचा. त्याचा शाळेशी काय संबंध?" संबंध आहे. तो शेवटी सांगतो, कारण त्यात एक कबुली आहे आणि ती आपल्या विज्ञानाच्या सरांसमोर द्यायची आहे. दहावी होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी सरांसमोर उभं राहायचं म्हटलं की अजून तळहाताला घाम सुटतो.

१९८७ साली मी नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो. दुसरी पाळी संपवून खोलीवर यायला रात्रीचे सव्वाअकरा व्हायचे. सकाळचा भात फोडणीला टाकायचा आणि जुन्या बाजारातून आणलेला टीव्ही लावायचा. साडेअकराला पडदा बाजूला सारून जॉनी कार्सन नावाचा एक सडपातळ, पिकल्या केसांचा गृहस्थ यायचा. उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलायचा, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारायचा. लोक खदाखदा हसायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. शब्द कळायचे, विनोद कळायचा नाही. कारण विनोद त्या दिवशीच्या बातम्यांवर असायचा आणि बातम्या मला ठाऊक नसायच्या. मग मी दुपारी वर्तमानपत्र वाचून पाळीला जायला लागलो. अमेरिका मला अशी उलट्या बाजूनं, विनोदाकडून बातमीकडे, समजत गेली.

पाळीवर माझ्या वडिलांच्या वयाचे एक सहकारी होते. ते म्हणाले, "तू फार उशिरा आलास. मी हा कार्यक्रम पहिल्या दिवसापासून बघतोय." त्यांनी सांगितलेलं आणि पुढे वाचनालयात बसून ताडून पाहिलेलं, ते थोडक्यात असं.

१९५० पर्यंत अमेरिकेत रात्री अकराच्या सुमारास बहुतेक टीव्ही केंद्रं बंद होत. त्यानंतर कोण बघणार, हा प्रश्न होता. एनबीसी या कंपनीतल्या पॅट वीव्हर नावाच्या अधिकाऱ्याला वाटलं की हा वेळ फुकट पडून आहे, तो विकता येईल. त्या काळी एक कार्यक्रम म्हणजे एक जाहिरातदार, अशी रीत होती. साबणवाला पैसे देई आणि कार्यक्रमात काय असावं हेही तोच ठरवी. वीव्हरचं म्हणणं असं की मासिकात जशी दहा जणांची जाहिरात असते आणि मजकूर मात्र संपादकाच्या हाती असतो, तसा कार्यक्रम चालवावा. वेळाचे छोटे तुकडे करावेत आणि ते वेगवेगळ्या जाहिरातदारांना विकावेत.

पहिला प्रयत्न २९ मे १९५० रोजी सुरू झाला. नाव 'ब्रॉडवे ओपन हाउस'. त्याची सुरुवातच दुर्दैवी होती. ज्याला सूत्रं द्यायची ठरली होती तो डॉन हॉर्न्सबी हा तरुण विनोदी नट आठवडाभर आधी पोलिओनं गेला. मग जेरी लेस्टर आणि मोरी ॲमस्टरडॅम या दोघांनी आठवड्यातल्या रात्री वाटून घेतल्या. गाणी, नकला, धांगडधिंगा असा मामला होता. डॅगमार या नावानं वावरणारी एक उंच नटी त्यात स्टुलावर बसून निर्विकार चेहऱ्यानं काहीबाही वाचून दाखवी आणि बघता बघता ती लेस्टरपेक्षा लोकप्रिय झाली. लेस्टरला ते मानवलं नाही, तो सोडून गेला. १९५१ च्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम बंद पडला. पण रात्री अकरानंतर माणसं जागी असतात आणि त्यांना सोबत हवी असते, एवढं सिद्ध झालं.

ही सोबत कशी करायची, ते ज्याला सापडलं त्याचं नाव स्टीव्ह ॲलन. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो लॉस एंजेलिसच्या केएनएक्स रेडिओवर रात्री तबकड्या लावायचं काम करी. तबकड्या कमी आणि बोलणं जास्त, असं त्याचं चाले. वरून तंबी आली, पण श्रोत्यांना बोलणंच हवं होतं. हळूहळू स्टुडिओत प्रेक्षक येऊन बसू लागले. एका रात्री डॉरिस डे ही गायिका-नटी पाहुणी म्हणून येणार होती, ती आलीच नाही. वेळ भरायचा होता. ॲलननं मायक्रोफोन उचलला, प्रेक्षकांत शिरला आणि जो समोर येईल त्याच्याशी बोलत सुटला. ठरवलेल्या मुलाखतीपेक्षा हे भलतंच रंगलं.

हाच ॲलन पुढे न्यू यॉर्कला आला. १९५३ साली त्याचा रात्रीचा कार्यक्रम तिथल्या स्थानिक केंद्रावर सुरू झाला आणि २७ सप्टेंबर १९५४ रोजी हडसन थिएटरातून तो 'टुनाइट' या नावानं देशभर दिसू लागला. पहिल्याच रात्री त्यानं प्रेक्षकांना सांगितलं की आधी वाईट बातमी ऐका, हा कार्यक्रम कधी संपणारच नाही. तो बोलत होता लांबीविषयी, कारण मध्यरात्र उलटून एक वाजेपर्यंत बसायचं होतं. पण 'टुनाइट' आज सत्तर वर्षांनंतरही चालू आहे. आज आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंच काही ॲलननं सुरू केलं किंवा रुळवलं: बसायला टेबल, हाताशी वाद्यवृंद, प्रेक्षकांशी थेट बोलणं. कधी तो थिएटरचं दार उघडून कॅमेरा रस्त्याकडे वळवी. पोलिसाचा गणवेश चढवून जाणाऱ्या मोटारीही अडवी. वर्तमानपत्रांत आलेली संतापलेल्या वाचकांची पत्रं तो तशाच संतापानं वाचून दाखवी.

१९५७ च्या जानेवारीत ॲलन गेला आणि कंपनीला वाटलं, माणसाची गरजच नाही. वेगवेगळ्या शहरांतल्या वार्ताहरांनी रात्रीच्या जगाच्या बातम्या द्यायच्या, असा झगमगीत कार्यक्रम त्याच वेळेला सुरू झाला. तो सहा महिन्यांत झोपला. बातमी कितीही चटकदार असली, तरी रात्री माणसाला ओळखीचा माणूस लागतो, हे कंपनी पैसे घालवून शिकली.

मग जुलै १९५७ मध्ये जॅक पार आला. हा ॲलनसारखा हरहुन्नरी नव्हता, पण बोलणारा होता. चटकन चिडे, चटकन रडे, आणि ऐकून घेई. त्याच्याकडे माणसं नुसती बोलायला येऊ लागली. १९६० च्या निवडणुकीच्या वर्षी केनेडी आणि निक्सन हे दोघेही उमेदवार त्याच्या शेजारी येऊन बसले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत एक प्रसंग घडला. पारनं एक गोष्ट सांगितली. एक इंग्रज बाई स्वित्झर्लंडमधल्या शाळामास्तरांना पत्र लिहून विचारते की खोलीजवळ 'डब्ल्यू. सी.' आहे ना? तिला विचारायचं असतं शौचकुपाबद्दल. मास्तरांचं इंग्रजी बेताचं. ते समजतात 'वेसाइड चॅपेल', म्हणजे वाटेवरचं प्रार्थनामंदिर, आणि मोठ्या अगत्यानं कळवतात की ते घरापासून काही मैलांवर आहे, रविवारी आणि गुरुवारी उघडं असतं, आत बरीच माणसं बसतात. कंपनीनं पारला न विचारता ही गोष्ट कापून टाकली. दुसऱ्या रात्री, ११ फेब्रुवारीला, पार कॅमेऱ्यासमोर आला, हे सगळं बोलून दाखवलं, डोळे पुसले आणि चालता झाला. उरलेला कार्यक्रम त्याचा जोडीदार ह्यू डाउन्स यानं निभावला. ७ मार्चला पार परत आला तो, मध्येच कुणी बोलणं तोडलं होतं ते पुढे चालू करतो आहे, अशा थाटात. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

१९६२ च्या मार्चमध्ये पारनं कायमचा निरोप घेतला. कार्सनचा दुसरीकडचा करार संपेपर्यंत सहा महिने पाहुण्यांनी गाडी ओढली आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजी ग्राउचो मार्क्सनं ओळख करून दिल्यावर कार्सन पहिल्यांदा त्या पडद्यातून बाहेर आला. तो तीस वर्षं राहिला. २२ मे १९९२ च्या शेवटच्या रात्री मीही खोलीवर जागा होतो. तोवर मला सगळे विनोद कळू लागले होते.

आता मुद्द्यावर येतो. तो पहिला कार्यक्रम मला पाहायचा होता. मी शोधलं. तो नाही. त्याचा आवाज उरला आहे, काही छायाचित्रं आहेत, चित्रफीत नाही. कार्सनच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक कार्यक्रम असेच गेले. आग लागली नाही, चोरी झाली नाही. चित्रफीत महाग होती, कपाटात जागा नव्हती, म्हणून कंपनीनं त्याच फिती पुसून पुन्हा वापरल्या. नाटकं, मोठे संगीताचे कार्यक्रम जपावेत असं वाटे. या काय, रोजच्या गप्पा! उद्या पुन्हा होणारच आहेत.

फेब्रुवारी १९६८ मध्ये कार्सनच्या जागी आठवडाभर हॅरी बेलाफाँटे हा कृष्णवर्णीय गायक बसला होता. त्याच्याकडे मार्टिन लूथर किंग आले, रॉबर्ट केनेडीही आले. एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली आणि जूनमध्ये केनेडींची. त्या आठवड्याच्या पाच रात्रींपैकी आज काही तुकडेच उरले आहेत. बाकीच्या फितींवर दुसरं काहीतरी भरलं गेलं.

आपल्याकडेही गप्पांचे कार्यक्रम आले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुमबाईंचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' आला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते शेजाऱ्यांच्या दारात बसून तो बघत. १९९७ मध्ये शेखर सुमननं 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्ये कार्सनच्या घराण्याची ती रात्रीची पद्धत थेट हिंदीत आणली. पण माझ्यापुरता असला पहिला कार्यक्रम झाला आपल्या शाळेत, डिसेंबर १९७९ च्या स्नेहसंमेलनात.

तुम्हाला आठवत असेल. अफझलखानाची दाढी सापडत नव्हती. पडदा उघडायची वेळ टळून गेली, मागची मुलं शिट्ट्या वाजवू लागली, आणि ब तुकडीतला आपला मित्र (नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलंच आहे) पडद्यासमोर आला. त्यानं मुख्याध्यापकांची खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या रांगेतल्या मराठीच्या बाईंना हात जोडून वर बोलावलं. आज डब्याला काय होतं, इथपासून सुरुवात केली. मग शिपाईमामांना बोलावून घंटा नेमकी दोन मिनिटं उशिरा का होते ते विचारलं. वीस मिनिटं सभागृह हसत होतं. दाढी सापडून पडदा उघडला तेव्हा लोक चक्क हळहळले.

त्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी घरचा टेपरेकॉर्डर आणला होता. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून एक कार्यक्रम संपला की ते टेप बंद करत आणि दुसरा सुरू झाला की चालू करत. पण दाढी शोधायला सर स्वतः धावले, टेप चालूच राहिला, आणि ती वीस मिनिटं आपोआप भरली गेली. पुढे मी सरांकडून ती कॅसेट प्रत काढून देतो म्हणून मागून घेतली.

सर, ती कॅसेट हरवली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. १९८२ साली कॉलेजात असताना कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी ती दुकानात देऊन तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. कोणती गाणी, तेही आता आठवत नाही. तुम्ही तेव्हा "असू दे" एवढंच म्हणालात. मला वाटलं होतं, काय एवढं त्यात. तो आहेच की. परत बोलेल.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर त्याच्या मुलीच्या वतीनं कुणीतरी विचारलं होतं की बाबांचा तरुणपणीचा आवाज कुणाकडे आहे का. मी तो निरोप वाचला आणि फोन उलटा करून ठेवला. एनबीसीच्या ज्या कारकुनानं फिती पुसल्या त्याला मी अनेक वर्षं मनातल्या मनात मूर्ख म्हणत आलो. त्याची आणि माझी चूक एकच होती. दोघांनीही मधल्या वेळेला भरताड समजलं.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर मेळाव्याला घेऊन या, वर गाणी आहेत असं लिहिलेलं असलं तरी. मी चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणतो आहे, सगळ्या लावून बघू. एखाद्या संमेलनाच्या कोपऱ्यात त्याचा आवाज सापडला तर तो त्याच्या मुलीकडे पोचवायचा आहे. दुसरी विनंती संयोजकांना. कार्यक्रमपत्रिका मी पाहिली. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत एक मिनिट रिकामं नाही. दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटं कुणाच्याही नावावर न टाकता सोडा आणि मंचावर एक खुर्ची ठेवा. कुणीतरी येऊन बसेलच. आणि टेपचं बटण त्या वेळी सरांच्या हाती द्या, पण मध्ये बंद करू नका म्हणावं.