हजारीं ६६७

१९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ६६७ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं, असें म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याच्या दप्तरांत नमूद आहे. म्हणजे तीन मुलांतील दोन! हा आंकडा त्या काळीं वर्तमानपत्रांत, कौन्सिलांत, व्याख्यानांत पुष्कळ फिरला.

तो जसाच्या तसा खरा मानतां येत नाहीं. गिरणगांवांतील बाई दिवस भरत आले कीं कोंकणांत किंवा घाटावर आपल्या गांवीं जाई, तेथें बाळंत होई, आणि कांहीं महिन्यांचें मूल घेऊन कामावर परत येई. मुलाचा जन्म गांवच्या नोंदींत. तें मूल पुढें परळच्या खोलींत गेलें, तर मृत्यु मात्र मुंबईच्या खात्यावर. भाज्य फुगे, भाजक आटे. असा खुलासा करण्यांत येई, आणि गणित म्हणून त्यांत खोट काढतां येणार नाहीं. परंतु खुलासा मिळाला म्हणजे काळजी मिटली, असें मानणारे लोक मला नेहमींच विलक्षण वाटत आले आहेत. बाळंतपणाला माहेरीं जाण्याची चाल पांढरपेशा घरांतही आहेच. आणि त्याच सालचे खोल्यांवार आंकडे पाहिले, तर एका खोलींतील कुटुंबांत प्रमाण हजारीं ८२८, व चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. एवढी दरी नुसत्या नोंदीच्या घोळानें पडत नाहीं.

ती खोली कशी होती हें डॉ. बार्न्स या बाईंच्या १९२२ सालच्या अहवालांत पाहावें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें बाळंतपणाच्या रजेचा करार केला. हिंदुस्थान सरकारला मात्र तूर्त चौकशीच करण्यास सांगितलें. त्या चौकशीच्या ओघांत मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांची पाहणी बार्न्सबाईंकडे आली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद अशा खोलींत त्यांना सहा चुली दिसल्या. सहा कुटुंबें, लहानमोठीं मिळून ३० माणसें. आणि सहांपैकीं तीन बायकांचे दिवस भरत आलेले. येथें बाळंतपण करावयाचें कोठें, असें त्यांनीं बरोबरच्या नर्सबाईस विचारलें. तिनें तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखविला. वेळ आली कीं तेवढ्याला आडोसा करीत. प्रसूतीची नगरसेवा म्हणजे प्रत्यक्षांत हा कोपरा, आणि तेथें ओणवी बसलेली ती नर्स.

कामगार बायकांच्या शंभरांतील ९८ तान्ह्यांना अफू देतात, असेंही बार्न्सबाईंनीं नमूद केलें. या बाळगोळीवरून आयांच्या अज्ञानाची पुष्कळ चर्चा झाली. पण दहा तास गिरणींत उभ्या राहणाऱ्या बाईनें मूल कोणाच्या ओटींत टाकावें, हें चर्चा करणारांपैकीं थोड्यांनींच सांगितलें. पाळणाघराचें काम ती गोळी करीत होती.

ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें बिल आणलें; तें फेटाळलें गेलें. पुढें आसवले यांचें बिल मुंबई कौन्सिलांत आलें, तेव्हां १९२८ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा दिला. हा भार बव्हंशीं सरकारनें उचलावयाचा आहे, पण सरकार उचलीत नसेल तर बाईच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकावर तो घालणें अन्यायाचें नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ सालीं कायदा झाला: रोज ८ आणे, जास्तींत जास्त ७ आठवडे. सर्व खर्च मालकावर पडल्यामुळें कांहीं गिरण्यांनीं बायका घेणेंच आंखडतें केलें, हीही त्याची दुसरी बाजू. गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण पुढील दशकांत घटलें. रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची फेररचना हींही कारणें त्यांत होतींच.

दरम्यान १९२६ सालीं परळ येथें नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलें, आणि १९२९ सालीं शेजारीं मुलांचें रुग्णालय झालें. १९३० च्या सुमारास बालमृत्यूचा आंकडा हजारीं ३०० च्या आसपास आला. यांत जीं मुलें खरोखर वांचलीं तीं आहेतच. पण जी बाई गांवीं न जातां परळास बाळंत झाली, तिच्या मुलाचा जन्म आतां मुंबईच्या भाजकांत पडूं लागला होता, आणि तेवढ्यानेंही आंकडा उतरत होता.