घारापुरी : दुसरी टेकडी

मुंबई बंदरात, अपोलो बंदरापासून सुमारे १० किलोमीटरवर घारापुरीचे बेट आहे. घेर जेमतेम ७ किलोमीटर. काळ्या कातळाच्या दोन टेकड्या, मधे घळ, काठाला चिखल आणि तिवरांची झाडी. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी आहेत. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा स्तूप आणि बौद्ध लेणी आहेत. जगाला ठाऊक आहे ती पहिली टेकडी. दुसरीची बोळवण प्रस्थापित इतिहासलेखनाने बहुधा दोन ओळींत केली.

वास्तविक स्तूप आधीचा आहे. उत्तरेकडे सोपाऱ्याला १८८२ साली स्तूप आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. कोकणच्या बंदरांतून माल ये-जा करीत होता, त्याच वाटांनी धम्मही चालत होता. चौफेर खारे पाणी असलेल्या बेटावर राहायचे तर पावसाचे पाणी साठवणे भाग होते. म्हणून येथे कातळात टाकी खोदली गेली. कोकणातील लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर असे अवशेष आपल्यासाठी केवळ पुरातत्त्वाचा विषय राहिलेले नाहीत.

सहाव्या शतकात पश्चिमेच्या टेकडीत मोठे लेणे कोरले गेले. तेथील महेशमूर्ती सुमारे १८ फूट उंच आहे. ते कोणत्या राजाने कोरविले यावर पुष्कळ खल झाला आहे. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखातील ‘पुरी’ ती हीच काय, हाही वाद आहे. पण छिन्नी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कळचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी बेटावर सापडली आहेत. ती कारागिरांच्या मजुरीची असावीत, असे काही अभ्यासकांना वाटते. हे खरे असेल तर ज्यांनी हा डोंगर पोखरला, त्यांची एवढीच खूण इतिहासाने ठेवली आहे.

नाशिकच्या लेण्यांत याच्या उलट चित्र दिसते. तेथील एका लेण्यावर मुगुदास नावाच्या दात्याची नोंद आहे आणि अभ्यासक त्याला मच्छीमार मानतात. संघाला दान देणाऱ्या कष्टकऱ्याचे नाव दगडावर येऊ शकत होते. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात मात्र ना राजाचे नाव उरले, ना पाथरवटाचे. येथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठविला आणि तेथे तो हरवला. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो १८६४ साली इंग्रज हलवायला गेले आणि फोडून बसले. तो पुढे जोडून भायखळ्याला ठेवला गेला.

१९८७ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे आहेत. माणसे मुख्यतः आगरी-कोळी. समोर ट्रॉम्बेला १९५६ सालीच देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. या गावांना मात्र समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, नंतर अंधार. वारशाला मान्यता मिळाल्यानंतरही वारशाच्या दारात राहणाऱ्यांनी एकतीस वर्षे वाट पाहिली.

शैव लेणे बौद्ध होते असा दावा करण्याचे कारण नाही. खोट्या दाव्याने उपेक्षितांचा इतिहास उभा राहत नाही. दोन्ही टेकड्यांचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे, एवढीच मागणी आहे. शिक्षक विद्यार्थ्यांना घारापुरीला नेतात आणि महेशमूर्ती दाखवून परततात. त्यांनी स्तूपापर्यंतही चालावे, टाकी दाखवावीत आणि परततीच्या वाटेवर गावात थांबावे. मूर्ती पाहून झाल्यावर कातळ कोणी फोडला, मजुरी किती मिळाली आणि दिवा इतका उशिरा का लागला, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले तर ती सहल इतिहासाची होईल.