रॉकेटचे फिन एक डिग्रीने तिरके बसले तर काय होतं?

दिवाळीत बाटलीत ठेवून बाण उडवताना एक प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो: काडी मोडून बाण पेटवायचा. मग तो वर जायच्या ऐवजी शेजाऱ्यांच्या गच्चीवर, नाहीतर थेट आपल्याच दिशेने! काडी नुसती टेकू नसते. बाणाला सरळ ठेवायचं काम तीच करते. मॉडेल रॉकेटमध्ये हे काम शेपटीकडचे फिन करतात. ते नुसते असून भागत नाही, सरळ रेषेत बसलेले असावे लागतात.

आधी दोन बिंदू समजून घेऊ

पहिला बिंदू गुरुत्वमध्य. रॉकेट बोटावर आडवं तोलून धरलं की सापडतो तो. दुसरा दाबकेंद्र. रॉकेट थोडं तिरकं झालं की हवेचा सगळा आडवा जोर जणू एका बिंदूवर लागतो, तो हा. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर हवा शेपटीला ढकलून नाक पुन्हा सरळ करते. पुढे असेल तर रॉकेट उलटं फिरतं.

दोन्हींत निदान रॉकेटच्या व्यासाएवढं अंतर हवं, असा हॉबीतला जुना नियम आहे. रॉकेट 75 मिमी जाड असेल तर 75 ते 150 मिमी. फिनचा आकार आणि जागा यावर हे अंतर ठरतं. पण डिझाइन बरोबर असूनही फिन चिकटवताना चूक झाली तर?

चूक दोन प्रकारची

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर किंवा सांगलीकडे ढालगाव परिसरात पवनचक्क्या पाहिल्या असतील. पाती वाऱ्याला थोडी तिरकी असतात, म्हणून चक्र फिरतं. सगळे फिन एकाच दिशेने तिरके बसले तर रॉकेटची अशीच पवनचक्की होते. ते स्वतःभोवती गरगरतं, पण जातं साधारण सरळ.

दुसरी चूक जास्त त्रासाची. एकच फिन तिरका बसला, किंवा समोरासमोरचे दोन फिन एकाच बाजूला कलले, तर ते होडीच्या सुकाणूसारखं वागतात. रॉकेट एका बाजूला वळत राहतं. एकटा तिरका फिन वळवतो आणि फिरवतोही, त्यामुळे रॉकेट मळसूत्रासारखं वेटोळं घेत वर जातं.

एक डिग्री म्हणजे किती?

फिनचा बुडखा 150 मिमी लांब असेल तर पुढचं टोक फक्त 2.6 मिमी सरकलं की झाली एक डिग्री. डोळ्याला सहज चकवा बसतो.

आता हिशोब. रॉकेटचा वेग सेकंदाला 150 मीटर आणि फिनचा मध्य अक्षापासून 10 सेंमीवर आहे असं धरू. सगळे फिन एक डिग्रीने तिरके असतील तर फिरण्याचा वेग ठोकळमानाने 150 × 0.0175 ÷ 0.1, म्हणजे 26 रेडियन, सेकंदाला चार फेऱ्या! ही ऊर्जा उंचीतून कापली जाते. शिवाय रॉकेटची नाक डोलवण्याची स्वतःची एक लय असते. फिरण्याची लय तिच्याशी जुळली तर झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के मिळाल्यासारखं डोलणं वाढत जातं. जोरदार रॉकेटमध्ये त्याने फिन तुटू शकतात, बॉडीसुद्धा मोडू शकते.

मग धनुर्धर पिसं मुद्दाम तिरकी का लावतात?

ऑगस्ट 2023 मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. तिरंदाजीच्या बाणांवर पिसं अनेकदा थोड्या कोनात लावतात. बाण फिरला की त्यातली बारीक खोट एकाच दिशेला ओढत नाही, प्रत्येक फेरीत दिशा बदलते आणि परिणाम बराचसा रद्द होतो. अनेक साउंडिंग रॉकेटचे फिनही याच कारणासाठी मुद्दाम तिरके असतात. फरक एवढाच, की तिथे कोन आधी ठरवलेला आणि सगळ्या फिनना सारखा असतो. आपल्याकडून चुकून पडलेला कोन प्रत्येक फिनला वेगळा असतो.

सरळ कसे बसवायचे?

- नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, घेर मोजून तीन किंवा चार सारखे भाग पाडा.
- नळी लोखंडी अँगलमध्ये टेकवा आणि अँगलच्या कडेने उभ्या रेषा मारा. हाताने मारलेली रेष वाकडी जातेच.
- एका वेळी एकच फिन चिकटवा. इपॉक्सी पक्कं होईपर्यंत लाकडी किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यात धरून ठेवा.
- मोबाइल कॅमेऱ्याची ग्रिड लावून प्रत्येक फिनचा कडेने फोटो काढा. तिरकेपणा लगेच दिसतो.
- नळीवर एक काळा पट्टा रंगवा आणि 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये उड्डाण टिपा. पट्टा दर 60 फ्रेमनी परत दिसला तर सेकंदाला चार फेऱ्या.

कॉम्प्युटरवर ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फिनचा कोन बदलून परिणाम आधीच बघता येतो.

वाऱ्याकडे दुर्लक्ष नको

रॉकेट रेलवरून सेकंदाला 15 मीटरने सुटलं आणि आडवा वारा 5 मीटरचा असेल, तर हवा 18 डिग्रीच्या कोनातून येते. इतक्या कोनात फिनची पकड सुटू लागते. अमेरिकेतल्या हाय-पॉवर नियमांत वारा ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किमीच्या वर असेल तर उड्डाण करायचंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

हाय-पॉवर म्हणजे मोटरचा एकूण रेटा 160 न्यूटन-सेकंदांच्या पुढे. हा खेळ घराच्या गच्चीवरचा नाही. यूट्यूब बघून घरी इंधन मिसळू नका. त्यात हात जातात, डोळे जातात. भारतात स्फोटक पदार्थ बनवायला परवाना लागतो, आणि तो विभाग बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. इंजिनिअरिंगला असाल तर इन-स्पेसच्या विद्यार्थी मॉडेल रॉकेट स्पर्धेसारखा रीतसर मार्ग आहे.

तोवर पाण्याच्या बाटलीचं रॉकेट मोकळ्या मैदानात करून बघा. आधी फिन सरळ लावून, मग एकच फिन मुद्दाम तिरका करून, लांब उभं राहून. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवले की वरचं सगळं डोळ्यांसमोर दिसेल.