सरासरीच्या पडद्याआड

सरासरीचा आंकडा दिसावयास मोठा निःपक्षपाती असतो. तो कोणाची बाजू घेत नाहीं, कोणास दूषणहि देत नाहीं. परंतु दोन मजूरवर्गांच्या वेतनांतील अंतर मोजावयाचें झाल्यास या निःपक्षपातीपणावर फार विसंबून चालत नाहीं, हें मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, संपांमागून संप झाले, आणि गिरणीकामगारास खरोखर मिळतें तरी किती, हा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला. १९२१ सालीं मुंबई सरकारनें कामगार-कचेरी स्थापिली. फिंडले शिरस यांच्या देखरेखीखालीं तिनें मे १९२१ मधील वेतनांची चौकशी केली, १९१४ च्या वेतनांशीं त्यांची तुलना केली, आणि १९२३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. विणकऱ्यास विणलेल्या कापडाच्या मापानें दाम मिळे, तर दुसऱ्या खात्यांतील पुष्कळांस महिन्याचा ठराविक पगार असे. एकाच कामास एका गिरणींत एक दर, तर शेजारच्या गिरणींत दुसरा. शिवाय खाडे किती, दंड किती, हें पाहिल्यावांचून हातीं पडणारी रक्कम कळत नसे. तरीहि पुरुष किती मिळवितात व स्त्रिया किती, हें पहिल्यानेंच इतक्या तपशिलानें लोकांपुढें आलें, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या अंतराचें कारण काय? स्त्रिया बहुतेक सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत असत, आणि तीं कामें कमी दामाचीं होतीं. म्हणजे एकाच कामास दोन दर, असा हा प्रकार सर्वस्वीं नव्हता. कामेंच निराळीं वांटलेलीं होतीं.

हीच गोष्ट जातीच्या बाबतींत अधिक कठोरपणें दिसे. विणकाम हें गिरणींतील चांगल्या मिळकतीचें काम. धोट्यांतील कांडी संपली कीं नव्या कांडीचें सूत धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे. तेव्हां ‘आमच्या तोंडचा धोटा त्यांच्या तोंडीं कसा?’ या विटाळाच्या सबबीवर, अस्पृश्य म्हणून गणलेल्या कामगारांस विणकाम खात्यांत सवर्ण कामगार येऊं देत नसत. सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावरच त्यांस समाधान मानावें लागे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न धसास लावला.

आतां हिशेबाची मौज पाहावी. कल्पना करूं कीं विणकऱ्यास ४८ रुपये व कताईवाल्यास २४ रुपये मिळतात. एका वर्गाचे १०० कामगार दोन्ही खात्यांत निम्मेनिम्म आहेत. त्यांची सरासरी ३६ रुपये. दुसऱ्या वर्गाचे सगळे १०० कताईंत. त्यांची सरासरी २४. अंतर १२ रुपयांचें. पण खातेवार हिशेब मांडला तर अंतर शून्य! प्रत्येक खात्यांत सर्वांस सारखाच दर आहे. हिशेबांत चूक कोठेंच नाहीं. अन्याय मात्र नाहींसा झाला.

१९७३ सालीं रोनाल्ड ओहाका व ॲलन ब्लाइंडर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें अशा अंतराचे दोन भाग पाडण्याची रीत सुचविली: शिक्षण, अनुभव इत्यादींनीं उलगडणारा एक, आणि न उलगडणारा दुसरा. दुसऱ्या भागांत पक्षपाताचा माग लागतो. रीत उपयुक्त खरी; पण कामाचा प्रकारच जर पहिल्या भागांत घातला, तर बंद दरवाजाचा सारा परिणाम ‘उलगडलेला’ म्हणून खपून जातो. गिरणींतील तो कताईवाला यावर काय म्हणाला असता?

१९४७ सालीं औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानें मुंबईच्या गिरण्यांत वेतनांचें प्रमाणीकरण झालें. एका कामास एक दर, हें तत्त्व रुजलें, आणि तें मोलाचेंच होतें. परंतु दरपत्रक कामाचा दाम ठरवितें. तें काम कोणास मिळावें, हें ठरवीत नाहीं. म्हणून वेतनाचा तक्ता हातीं घेणाऱ्यानें दोन प्रश्न विचारावे: या खात्यांत कोणास किती मिळतें, आणि या खात्यांत कोण दिसत नाहीं? पहिल्याचें उत्तर हजेरीपट देतो. दुसऱ्याचें उत्तर त्यांत नसलेल्या नांवांत शोधावें लागतें.