लेस्टरचा संप आणि हलवता येणारा कारखाना

1 मे 1974. इंग्लंडमधील लेस्टर शहरात इंपीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यातून 39 आशियाई कामगार काम थांबवून बाहेर पडले. (ब्रिटनमध्ये तेव्हा मे दिनाची सुट्टी नव्हती, ती 1978 पासून मिळू लागली.) पाहता पाहता संपकऱ्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली. जवळपास तीन महिने चाललेल्या या संपात त्यांना मालकाइतकेच स्वतःच्या युनियनशीही झुंजावे लागले. आजचा धागा त्याविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पंचवीस हजारांहून अधिक लोक ब्रिटनला आले. त्यांत गुजराती भाषकांचा भरणा मोठा होता. लेस्टरच्या नगर परिषदेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात छापून ‘आमच्याकडे येऊ नका’ असे बजावले होते. तरीही हजारो लोक तिथेच आले आणि मिळेल त्या कामावर रुजू झाले. इंपीरियलच्या सुमारे 1600 कामगारांपैकी 1100 आशियाई होते; त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

संपाचे निमित्त बोनसचे. करारानुसार 168 यंत्रांनंतर बोनस लागू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात हिशेब 200 वर धरला जात होता. कामगारांना हे कळले तेव्हा त्यांनी युनियनकडे दाद मागितली. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी ‘तक्रारीची रीत पाळली नाही’ असे म्हणत संपाला मान्यता नाकारली. संपभत्ताही नाही. कामगार-प्रतिनिधी म्हणून उभे राहायचे, तर दोन वर्षांचे सभासदत्व हवे, असा नियम पुढे केला गेला. नुकत्याच आलेल्या निर्वासितांच्या बाबतीत या नियमाचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. वर्णद्वेषाला दर वेळी शिवीच द्यावी लागते असे नाही, नियमावलीही पुरते.

बहुतेक गोरे कामगार कामावर जात राहिले. ऑगस्टमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने शहरातून मोर्चा काढला. त्यांचा प्रचार साधा होता: हे परके लोक आपल्या नोकऱ्या खातात.

नोकऱ्या खरोखर कोण हलवत होते, हे समजण्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागतो. इंपीरियल ही लेस्टरमध्ये 1908 साली सुरू झालेली कंपनी, पण 1966 पासून ती लिटन इंडस्ट्रीज या अमेरिकी उद्योगसमूहाच्या ताब्यात होती. रॉयल हा टंकलेखन यंत्रांचा जुना अमेरिकी ब्रँडही लिटनचाच. 1972 मध्ये लिटनने रॉयलचा हार्टफर्ड येथील कारखाना बंद केला आणि तिथले उत्पादन इंग्लंडमधील हल या शहरात नेले. म्हणजे हलच्या गोऱ्या कामगारांना मिळालेले हे काम हार्टफर्डच्या कामगारांच्या हातून गेले होते. हलच्या कामगारांना त्याबद्दल ‘परके’ कोणी म्हटले नाही.

जानेवारी 1975 मध्ये लिटनने लेस्टर आणि हल, दोन्ही कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. तीन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या, गोऱ्यांच्याही आणि आशियाईंच्याही. लेस्टर संपामुळे बुडाले, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही ऐकू येते. मग हलचे काय? तिथे तर हा संप झालाच नव्हता.

हलच्या कामगारांनी, त्यांतही विशेषतः स्त्रियांनी, फेब्रुवारीत कारखान्याचा ताबा घेतला आणि काही महिने तो सोडला नाही. सहकारी तत्त्वावर कारखाना चालवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. उद्योगमंत्री टोनी बेन यांची सहानुभूती असूनही सरकारने पैसा दिला नाही. लेस्टर आणि हल यांचे मालक एक, युनियन एक. तरी वर्षाच्या आत झालेले हे दोन लढे मात्र वेगवेगळेच लढले गेले.

ऑगस्ट 1976 मध्ये लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी बाहेर पडल्या, तेव्हा चित्र बदलले होते. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची टपाल हाताळण्यास नकार दिला. यॉर्कशरचे खाणकामगार फाटकाशी येऊन उभे राहिले. तो लढाही 1978 मध्ये हरला. त्याविषयी पुढच्या धाग्यात.