पीज : एक किलोवॉटचे दूरचित्रवाणी केंद्र

भारतातील उपग्रह दूरचित्रवाणीचा इतिहास ‘साइट’ प्रयोगापासून सुरू होतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने वर्षभरासाठी दिलेल्या एटीएस-६ उपग्रहावरून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. त्याच वर्षी गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीज या गावी, ‘इस्रो’चे एक छोटे प्रक्षेपण केंद्रही सुरू झाले. त्याचे स्मरण आज क्वचितच होते.

पीजचा प्रक्षेपक अवघ्या एक किलोवॉट क्षमतेचा होता. उपग्रहाचा संकेत थेट घेण्यासाठी गावागावांत सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची अँटेना आणि खास उपकरण बसवावे लागे. पीजच्या परिसरात साधा संच आणि साधी अँटेना पुरत असे. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे केंद्राचा आवाका आसपासच्या सुमारे ४०० गावांपुरताच राहिला. तांत्रिकदृष्ट्या ही मर्यादाच होती. परंतु प्रयोगाचे बळ तिच्यातच दडलेले होते. सहा राज्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्याला अनेक भाषांचा, पिकांचा आणि चालीरीतींचा मेळ घालावा लागे. पीजचा प्रेक्षक एकच भाषा बोलत होता आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील निर्माते सकाळी निघून त्याच्या अंगणात पोहोचू शकत होते.

सहाशेहून अधिक सार्वजनिक संच गावोगाव बसवण्यात आले. खेडा हा ‘अमूल’चा जिल्हा. त्यामुळे दूध घालण्यासाठी रोज जेथे माणसे जमत, त्या सहकारी दूध मंडळ्यांच्या इमारती अनेक ठिकाणी प्रेक्षागृहे झाल्या. कार्यक्रमांचे विषयही तेथीलच होते : शेतमजुरांचे वेतन, अस्पृश्यता, हुंडा, कुटुंबनियोजन, पशुपालन. ‘हूं ने मारा ए’ आणि ‘चतुर मोटा’ या मालिका लोकप्रिय झाल्या. ‘दाद फरियाद’मध्ये ग्रामस्थांच्या तक्रारी पडद्यावर मांडल्या जात. निर्मितीपूर्वी समाजशास्त्रज्ञ गावांत जाऊन गरजा जाणून घेत आणि प्रसारणानंतर प्रतिसाद तपासत. काही कार्यक्रमांत तर लेखक आणि नट गावकरीच असत.

साइट प्रयोग संपला आणि उपग्रह भारताच्या सेवेतून निघून गेला. पीज मात्र चालू राहिले. १९८४ मध्ये या खेडा प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठी ‘युनेस्को’चा पुरस्कार लाभला.

तोवर देशाची दिशा बदलली होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि देशभर प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरू लागले. दिल्लीचा कार्यक्रम गावोगाव नेणे हेच प्रगतीचे माप ठरले. या मापात एका जिल्ह्यापुरत्या केंद्राला स्थान उरले नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पीजचा प्रयोग संपुष्टात आला.

पीजचे तंत्रज्ञान अपयशी ठरले नव्हते. संकेत स्वच्छ होता, प्रेक्षक हजर होते, जगाने दखलही घेतली होती. किती लोकांपर्यंत पोहोचलो, हे मोजण्याची सोय व्यवस्थेकडे होती. किती लोकांचे ऐकून घेतले, हे मोजण्याची नव्हती. पुढे २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली, तेव्हा स्थानिक माध्यमाची जी कल्पना नवी म्हणून मांडली गेली, ती खेड्याच्या दूध मंडळ्यांतून तीस वर्षांपूर्वीच पारखून झाली होती.

#विज्ञानाचा_इतिहास #इस्रो #पीज