ॲनार्काचं तिसावं ऑपरेशन

मागच्या दिवाळीत आम्ही कारने गावी निघालो, तर आई सकाळपासून पाणीच पीत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "प्रवास आहे ना." दोन दिवसांनी, अगदी हळू आवाजात, तिने खरं कारण सांगितलं. खोकला आला, शिंक आली की कपडे ओले होतात. किती वर्षं? तर माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मापासून. म्हणजे चोवीस वर्षं! मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, आणि घरातलं हे मला दिसलं नव्हतं.

म्हणून वाचायला बसलो आणि पोचलो थेट अमेरिकेत. अलाबामा राज्य, माँटगोमेरी गाव, साल १८४५. ॲनार्का नावाची गुलाम मुलगी, वय साधारण सतरा. तीन दिवस कळा देऊन ती अडली होती. बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलं आणि लघवी सतत, आपोआप गळू लागली. (आईचा त्रास वेगळा, तिथे भोक नसतं, स्नायू सैल पडलेले असतात. पण लाज मात्र तीच.)

मेरियन सिम्स या डॉक्टरने घरामागच्या छोट्याशा दवाखान्यात ॲनार्का, बेट्सी, लूसी आणि आणखी काही गुलाम बायकांवर जवळपास चार वर्षं प्रयोग केले. परवानगी घेतली ती त्यांच्या मालकांची. भूल दिली नाही. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, त्यानंतरही नाही. लूसीचं पहिलं ऑपरेशन तासभर चाललं, मग जंतुसंसर्ग होऊन ती मरता मरता वाचली. मदतीला येणारे डॉक्टर कंटाळून निघून गेले, तेव्हा या बायकाच एकमेकींच्या ऑपरेशनला मदतनीस म्हणून उभ्या राहिल्या. हे वाचताना मी मोबाईल खाली ठेवला, खरंच.

१८४९ मध्ये चांदीच्या तारेचे टाके घातले आणि ॲनार्काचं भोक बुजलं. ते तिचं तिसावं ऑपरेशन होतं. सिम्स मोठा झाला, न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तो सेंट्रल पार्कमधून हलवला थेट एप्रिल २०१८ मध्ये. उपचार उपयोगी होता, आजही त्यातून बायका बऱ्या होतात. पण तेवढ्याने मी सिम्सला माफ करणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

इथिओपियातली मामितू गाशे मला जास्त आवडते. १९६२ च्या सुमारास हाच आजार घेऊन ती अदिस अबाबाला हॅम्लिन डॉक्टर दांपत्याकडे आली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई बघत बघत शिकली आणि स्वतः हीच ऑपरेशनं करणारी सर्जन झाली!

बरं, आईचं काय? तिच्या त्रासावर १९४८ मध्येच अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम लिहून ठेवले होते. स्नायू किती आवळला हे काट्यावर दाखवणारं यंत्रही त्याने केलं. चक्क डॅशबोर्ड! आईच्या जन्माच्याही आधीची गोष्ट ही.

आता ती फिजिओथेरपिस्टकडे जाते, व्यायाम झाला की कॅलेंडरवर खूण करते. परवा फोनवर म्हणाली, "मावशीलाही सांगितलंय. तू सांग सगळ्यांना, फक्त माझं नाव घेऊ नकोस."